स्क्रू बनवणारे दाजी

ताईचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ताई रडत नव्हती. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "संध्या, हे उठंनात गं." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, नाश्ता झाला, दिवाणावर बसले, पेपर मांडीवर घेतला आणि डोळा लागला. ती चहा घेऊन आली तर झोपलेले, म्हणून तिनं चहा झाकून ठेवला. तो निवला म्हणून पुन्हा गरम केला, पुन्हा झाकला... "झोपू दे म्हणलं गं. कधी नव्हं ते घरी होते." मी जन्मभर दवाखान्यात नर्सची नोकरी केली. पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. मेथी तशीच परातीत टाकून पुंडलिकनगरहून रिक्षा केली आणि चिकलठाण्याला निघाले. जालना रोडवर सिग्नलला गाड्या तुंबलेल्या, रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवत होता आणि मला रडू येत नव्हतं. डबल ड्यूटी करून घरी परतताना अंगात जसं काहीच उरत नाही, तसं वाटत होतं. रडू नंतर आलं, तेही धड नाही.

भानुदास दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना कोणी पटकन उठवलं नाही याचं आमच्या घरात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण दाजी कुठंही झोपायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या खांबाला टेकून झोपले होते, मुठीत अक्षता तशाच. औरंगपुऱ्याच्या बाजारात ताईला साडी घ्यायची असली की ती दुकानात शिरायची आणि हे बाहेर पायरीवर बसायचे. बसले की झोपले. एकदा तर कोणा गिऱ्हाइकानं त्यांना दुकानाचा राखणदार समजून "मामा, गाडीवर जरा लक्ष ठेवा" म्हणून सांगितलं आणि दाजींनी डोळे न उघडता मान हलवली. आम्ही हसायचो. ताईही हसायची. हा माणूस इतका दमतो कशानं, हा प्रश्न मात्र आम्ही हसून झाल्यावर कधी विचारला नाही.

दमायचे ते लोखंडानं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या बाजूच्या एका गल्लीत त्यांची शेड होती. करमाडकडच्या शेतकऱ्याचं पोर, घरची जमीन भावांत वाटून वितभर उरायची, म्हणून शहरात येऊन लोखंड तापवून ठोकायच्या, फोर्जिंगच्या एका कारखान्यात लागले. भट्टीवर शिकले, घणावर शिकले आणि लग्नानंतर काही वर्षांनी एकटे बाहेर पडून स्वतःची भट्टी पेटवली. बनवायचे एकच वस्तू. रेल्वेचा रूळ खालच्या आडव्या लाकडी ओंडक्याला, स्लीपरला, आवळून धरणारा जाडजूड स्क्रू. प्लेट स्क्रू म्हणतात त्याला. मुठीत मावणार नाही एवढा, वर चौकोनी डोकं, खाली रुंद आटे. लग्न होऊन आलेल्या सुनेला देवघर दाखवावं तशी ताईनं मला पहिल्यांदा ती शेड दाखवली होती. लोखंडाची कांब भट्टीतून लालभडक होऊन निघायची, यंत्राच्या घणाखाली जायची, एका दणक्यात तिच्या टोकाला डोकं तयार व्हायचं, मग दुसऱ्या यंत्रात आटे पडायचे. शेवटी तेलात बुडवून काळेभोर स्क्रू ओळीनं निथळायला ठेवलेले. मी विचारलं, "दाजी, याचा नट कुठंय?" घणाच्या आवाजात त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "याला नट नसतो. लाकूडच याचा नट. लाकडात पिळत जायचं अन् तिथंच राहायचं." इतकं बोलून ते पुन्हा भट्टीकडं वळले. घामानं पाठीला शर्ट चिकटलेला. मी बाहेर आले तेव्हा माझ्या छातीत तो दणका बराच वेळ वाजत राहिला. त्यांच्या छातीत तो रोजच वाजत असणार.

त्या घणानं त्यांचे कान गेले. हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही असे. आधी उजवा, मग डावा. कापसाचे बोळे घालायचे, पण भट्टीजवळ ते घामानं भिजून गळून पडायचे. कानाचं यंत्र लावा म्हणून मी किती वेळा सांगितलं. एकदा लावलंही. दोन दिवसांत काढून ठेवलं आणि म्हणाले, "त्यात लई गोंगाट ऐकू येतो."

आणखी एक गोष्ट मला ताईनं सांगितली होती. टीव्हीवर कुठं गाडी रुळावरून घसरल्याची बातमी आली की दाजींचं जेवण थांबायचं. गाव कितीही लांबचं असो. ते पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहायचे. तुटलेले डबे, ओरडणारी माणसं यांच्याकडं त्यांचं लक्षच नसायचं. खाली, रुळाकडं बघायचे. स्लीपर सिमेंटचे दिसले की श्वास सोडायचे आणि येऊन ताटावर बसायचे. सिमेंटच्या स्लीपरला त्यांचा स्क्रू लागत नाही. "मग एवढं कशाला घाबरता?" ताई म्हणायची. ते म्हणायचे, "एखादा तर कच्चा निघून गेला असंल की. सगळे काय माझ्या हातानं थोडेच गेलेत."

आणि मग ते झालंच.

जालन्याच्या बाजूला एका कारखान्याच्या आवारात मालडबे आणायला खासगी रूळ टाकलेला होता. मध्ये एक नाला, नाल्यावर छोटा पूल, पुलावर जुने लाकडी स्लीपर. डबे ढकलून आत घेताना त्या पुलावर रूळ फाकला, एका डब्याचं चाक खाली उतरलं आणि शेजारून चालणाऱ्या रंगनाथ नावाच्या कामगाराचा पाय त्याच्याखाली गेला. त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. मी तेव्हा हाडांच्या वॉर्डात होते. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. आणणारी माणसं आपसात बोलत होती, स्क्रू उपटले, स्क्रू उपटले. माझ्या कानावर ते पडलं, पण हाताशी इतकी कामं होती की मनात काही जोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर वॉर्डाच्या दारात दाजी. अंगावर शेडमधलाच शर्ट, बाह्यांना ठिणग्यांची भोकं. मला वाटलं ताईला काही झालं. "दाजी, तुम्ही इथं कसे?" मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं. ते म्हणाले, "तो पुलावरचा माणूस कुठं ठेवलाय?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्याच्या स्टोअरवाल्यानं त्यांना फोन केला होता. स्क्रू त्यांच्याकडचे होते.

मी म्हटलं, "दाजी, आत्ता नका येऊ. चौकशी होऊ द्या आधी." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. ते कॉटा बघत बघत आत गेले. रंगनाथ गुंगीत होता. शेजारी खाली त्याची बायको मथुरा बसलेली, मांडीवर कपड्यांची पिशवी घट्ट धरून. दाजी समोर उभे राहिले तशी तिनं वर बघितलं. "तुम्ही कोण?" दाजींनी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. म्हणाले, "मी स्क्रू बनवतो." तिला कळलं नाही. मग ते म्हणाले, "रुळाचे. त्या पुलावर होते ते माझे होते."

तिनं पिशवी छातीशी ओढली. मग अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच काहीतरी बोलली. दाजी वाकले. "काय म्हणल्या?" तिनं तोंड फिरवलं. दाजी माझ्याकडं वळले. "संध्या, काय म्हणल्या त्या?" मी म्हटलं, "काही नाही दाजी, चला, बाहेर बसू." ते हलेनात. "काय म्हणल्या ते सांग." आणि मग मला ते सांगावं लागलं. हळू सांगून त्यांना ऐकू येणार नव्हतं. भरल्या वॉर्डात, सगळ्यांच्या देखत मी मोठ्यानं म्हटलं, "त्या म्हणतात, तुमच्या लोखंडानं माझ्या माणसाचा पाय खाल्ला!"

सगळ्या कॉटा आमच्याकडं वळल्या. दाजींनी मान हलवली. "व्हय," म्हणाले, "त्यांना बोलायचा हक्क हाय." आणि पलीकडचं स्टूल ओढून तिथंच बसले. संध्याकाळपर्यंत बसून होते. कोणी पाणी आणायला सांगितलं तर आणून देत होते. उन्हं कलली तसा त्यांचा बसल्या बसल्या डोळा लागला. मथुरानं मला खूण करून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर जो संताप होता तो मला अजून दिसतो. "असल्या वक्ताला माणूस झोपू कसा शकतो, सिस्टर?" मी तिला काय सांगणार होते? हे आमचे दाजी, हे कुठंही झोपतात?

पण त्यानंतर ते झोपले नाहीत. चौकशीचा निकाल येईपर्यंतचे ते आठवडे... ताई सांगते, तिच्या सगळ्या संसारात तेवढेच दिवस तिनं या माणसाला जागं बघितलं. पुलावरचे स्क्रू काढून तपासायला पाठवले होते. दाजींनी भट्टी विझवली, घण बंद ठेवला. कोणी बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. हाताखालच्या माणसांना म्हणाले, कळू द्या आधी, मग बघू. रोज सकाळी आवरून शेडवर जायचे आणि थंड भट्टीसमोर बसून घरी यायचे. शिल्लक मालातला एकेक स्क्रू शिकंज्यात धरून वाकवून बघायचे. एकही तडकला नाही. त्यांना त्यानं बरं वाटत नव्हतं. "हे न तुटून काय फायदा? तिथला तुटला असंल तर?" माझ्या भाचीनं, मीनलनं, ती तेव्हा कॉलेजात होती, त्यांना समजवायचा प्रयत्न केला की बाबा, सिद्ध व्हायच्या आधीच तुम्ही गुन्हा का कबूल करताय? ते तिला म्हणाले, "गुन्ह्याचं नाय गं. त्याचा पाय गेलाय, अन् मी कुणीच नाय असं कसं म्हणू?"

निकाल आला. स्क्रूत काही खोट नव्हती. आटे शाबूत, डोकी शाबूत. लाकूड आतून कुजलेलं होतं, कैक पावसाळ्यांत कोणी बघितलंच नव्हतं. स्क्रू निघाले ते आट्यांमध्ये लाकडाचा भुगा घट्ट धरून निघाले. ताईनं आनंदानं पेढे आणले. दाजी शेडवरून आले, पेढ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "कशाचे पेढे?" तो पुडा तसाच राहिला, शेवटी शेजारच्यांना वाटून टाकला.

पुढं रंगनाथला कारखान्यानं काही दिवस गेटवर बसवलं आणि मग तेही काम सुटलं. दाजींना कळलं तसे ते त्याच्या घरी गेले, माझ्या शेडवर येऊन बस म्हणाले. बसून करायचं काम आहे, आटे तपासायचं. रंगनाथ तयार होता, मथुरा तयार नव्हती. त्यांच्या दारात जायचं नाही, उपाशी राहू, असं ती म्हणाल्याचं नंतर कळलं. दाजी पुन्हा गेले. मग पुन्हा. शेवटी रंगनाथ कुबडी घेऊन एकटाच आला, आणि काही महिन्यांनी मथुराही चिकलठाण्यात खोली घेऊन राहायला आली. शेडच्या दाराशी, उजेडात त्याचं स्टूल होतं. तिथं बसून तो स्क्रू हातात घ्यायचा, मापाचं कडं आट्यांवर फिरवायचा, पसंत पडला तर एकीकडं, नाही तर दुसरीकडं. आणि त्याला सहजासहजी पसंत पडायचा नाही. दाजी मला सांगायचे, "दिवसभर माझ्या मालात खोट काढत बसतो अन् वरून मीच त्याला चहा पाजतो." हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा सैल व्हायचा. त्या घटनेनंतर दाजींच्या चेहऱ्यावर मी जे काही समाधान बघितलं ते एवढंच. बातम्यांच्या वेळी ते अजूनही पडद्याजवळ जायचे. निकालानं त्यात काही फरक पडला नव्हता.

एव्हाना लाकडाचे दिवस सरत आले होते. मुख्य रुळांवरून लाकडी स्लीपर केव्हाच गेले होते, आता पुलांवरूनही निघायला लागले. काम आटत गेलं. आधी आठवडाभर चालणारा घण दोन-तीन दिवसांवर आला. माणसं वाळूजला, शेंद्र्याला मोठ्या कारखान्यांत लागली, जाताना दाजींच्या पाया पडून गेली. मीनल आता पुण्याला असते. तिनं सुचवलं, बाबा, दुसरे बोल्ट करा, टॉवरचे करा, गाड्यांचे सुटे भाग करा. त्यांनी करून बघितलं. केलेही चांगले. पण नवी यंत्रं, नवी मापं, नव्या लोकांच्या दारात उभं राहणं... त्या वयात ते त्यांच्यानं होईना. मीनल चिडायची, "बाबा, तुम्ही प्रयत्नच करत नाही." ते म्हणायचे, "करतो की. दमलो म्हणून हळू करतो."

आमची शेवटची भेट माझ्याच घरी झाली. जाण्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. स्कूटरवरून एकटेच आले. तोंड काळवंडलेलं, पायांवर सूज. मी रक्तदाब बघितला आणि रागावले. हृदयाच्या डॉक्टरांकडं चला म्हटलं. ते हो म्हणाले, हो म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मी चहा टाकून येईपर्यंत खुर्चीत झोपून गेले होते. मीही उठवलं नाही. दुपार टळल्यावर जागे झाले, गार चहा तसाच प्यायले आणि म्हणाले, "संध्या, परवा घण बंद केला. आता चालू करायचा नाय." मी म्हटलं, "बरं केलंत दाजी. आराम करा." त्यांनी रिकामी कपबशी खाली ठेवली. "कान गेले ते बरं झालं बघ. बंद पडलेला ऐकू आला नाय. पायाला तेवढं कळलं. जमीन गप झाली." मग चप्पल घातली. दारात वळून म्हणाले, "रंगनाथचं काय करू? त्याला कुठं बसवू?" उत्तराची वाट न बघता त्यांनी स्कूटर चालू केली आणि ते गेले.

रंगनाथचं नंतर मीनलनं बघितलं. तिच्या ओळखीतून शेंद्र्याच्या एका कारखान्यात त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. पण ते दाजी गेल्यावर. त्यांना ते कळलं असतं तर ते नीट झोपले असते, असं मी लिहिणार होते. पण झोपेचा शब्द आता माझ्या हातून उतरत नाही.

दाजींचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मीनल रजा संपवून पुण्याला परतली. ताईजवळ मी राहिले. एका दुपारी रंगनाथ आणि मथुरा आले. तो ओट्यावरच बसला, कुबडी बाजूला ठेवून, खाली मान घालून. मथुरा आत आली. ताईच्या जवळ बसली. मग ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "ताई, म्या त्या दिवशी दवाखान्यात त्यांना लई वाईट बोलले व्हते."

"ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाली. "लई जुनी गोष्ट हाय."

"नाय, बोलू द्या मला." मथुराचा आवाज आणखी चढला. "तिथं कुणीच आलं नव्हतं. कारखान्याचा एक माणूस आला, कागदावर अंगठा घेऊन गेला. मुकादम आला नाय, मालक आला नाय. कुणी विचारलं नाय बाई जेवलीस का. मी भरून बसले व्हते. बोलू कुणाला? हे आले. सोताच्या पायानं आले, म्हणून यांना बोलले. ते आले नसते तर म्या त्या भिताडाला बोलले असते."

ताईनं तिचा हात धरला. ताई तेव्हा रडली. फोनवर रडली नव्हती, अंत्ययात्रेत रडली नव्हती, ती आता रडली. मथुरा बोलतच राहिली. मालात खोट निघाली तर दाजी काय म्हणायचे, तिच्या हातची भाकरी शेडवर कशी मागून खायचे, तिच्या लेकीच्या लग्नात जेवताना कसे पंगतीत डुलक्या घेत होते. सगळं वरच्या पट्टीत, तोंडापाशी हात धरून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. या घरात यायचं तर असंच बोलायचं, ही तिला इतक्या वर्षांची सवय. समोरच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघून गेली. ओट्यावरून रंगनाथनं एकदा आत डोकावून मथुराला हातानं खूण केली, हळू बोल म्हणून. तिनं बघितलं नाही.

ताईनं मथुराचा हात सोडला नाही. मीही तिला हळू बोला म्हटलं नाही.